सिव्काची लीद आणि जावयाची पोती

आमच्या क्रिव्हा लेहा गावात माती विकत आणणारा पहिला माणूस म्हणजे वेल्कोचा जावई यासेन. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. मारित्सा नदीवरून बोचरं वारं येत होतं आणि मी कोंबड्यांना दाणे टाकायच्या निमित्तानं कुंपणाशी उभी होते. कोंबड्यांचं खाऊन कधीच झालं होतं. पण शेजारी वेल्कोच्या अंगणात एक व्हॅन उभी होती, तिच्यातून यासेन एकेक पोतं उतरवत होता आणि वेल्को काठीवर हनुवटी टेकून प्रत्येक पोतं मोजत होता. असं सोडून घरात बसायला मी काही वेडी नाही.

"काय हाय ह्यात, जावईबापू?"

"माती आहे, मामा."

"कसली माती?"

"रोपांसाठीची. खास तयार केलेली असते."

वेल्कोनं एकदा पोत्याकडे बघितलं, एकदा आपल्या पायांखाली. आमची माती काळीभोर आहे. पाऊस झाला की ती बुटाला धरते ती पार चुलीपर्यंत घरात येते. वेल्कोची बायको जिवंत होती तेव्हा तिचं निम्मं आयुष्य ती माती उंबऱ्यावर खरवडण्यात गेलं.

"म्हंजे तू शहरातनं हितं माती आणलीस," वेल्को म्हणाला. "इकत."

"हो."

"उद्या नदीवर जाताना बाटलीतनं पाणी घिऊन जा म्हंजे झालं."

यासेन पोत्याशी वाकला. तो गरीब स्वभावाचा आहे, पण हट्टी. त्यानं एका पोत्याचं तोंड फाडलं आणि मूठभर माल वेल्कोच्या हातावर ठेवला. तपकिरी, भुसभुशीत, चुरडलेल्या तंबाखूसारखा दिसत होता. मध्ये मध्ये पांढरे दाणे.

"ह्यात गारा पडल्यात," वेल्को म्हणाला.

"गारा नाहीत. त्या पांढऱ्या मण्यांमुळे माती मोकळी राहते. मुळांना हवा लागते, मामा. आपली काळी माती पाणी घातलं की चिखल होते आणि वाळली की वीट. ही पाणी धरून ठेवते, पण घट्ट होत नाही. ह्यात तणाचं बी नाही, रोग नाही, किडा नाही."

"आनि खायाला?"

"खायला नंतर. हे निळे दाणे आहेत ना खताचे, ते पाण्यात विरघळवून थोडं थोडं द्यायचं. मोजून."

वेल्कोनं मूठ उघडली, माल वाऱ्यावर उडाला. "लेका, ही माती न्हाई, उशी हाय. हिच्यावर रोप झोपंल, वाढायचं न्हाई."

मी कुंपणापलीकडे इतक्या मोठ्यानं हसले की कोंबड्या पांगल्या.

आता ही माणसं कोण ते सांगते. वेल्को चौऱ्याहत्तरचा, माझ्यासारखाच एकटा उरलेला. त्याला एकच मुलगी, रुम्याना. ती आणि यासेन शहरात फर्निचरच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तसे दोन वर्षांपूर्वी गावी आले आणि लांब लाल गोड मिरची करायला लागले. मी स्टामेना. चाळीस वर्षं शुक्रवारच्या बाजारात मिरची-टोमॅटोची रोपं विकली, म्हणून गावात रोपांच्या बाबतीत माझा शब्द चालतो. बाकी कुठल्याच बाबतीत चालत नाही, ते जाऊ दे.

आणि सिव्का. वेल्कोची करडी घोडी. एकोणीस वर्षांची. गावात उरलेला हा एकच घोडा. नांगराला ट्रॅक्टर आल्यापासून तिला जुंपलेलं कोणी बघितलं नाही. ती खाते, उभ्यानं झोपते, आणि वेल्कोच्या शब्दांत सांगायचं तर मागच्या बाजूनं काम करते. त्या कामावरच वेल्कोचा गरम वाफा चालतो. तबेल्याच्या दक्षिणेच्या भिंतीशी गुडघाभर खड्डा, त्यात काडाची आणि लिदीची भर, वरून कोमट पाणी, मग तुडवायचं आणि चटया टाकून झाकायचं. चार-पाच दिवसांत आत अशी धग धरते की हात ठेववत नाही. ती उतरली की वर वीतभर चाळलेली खतमाती पसरायची आणि मिरचीचं बी टाकायचं. वरून काचेची तावदानं. बाहेर बर्फ असलं तरी मुळाशी ऊब.

"गाईच्या शेणाला हे जमत न्हाई," वेल्को सांगतो. "गाय रवंथ करकरून समदी ऊब सोताच घेती. घोडी दिलदार हाय. अर्धंमुर्धं चावती आनि बाकीचं मागं ठिवती, दुसऱ्यासाठी."

पण ह्या दिलदार घोडीवर रुम्यानाचा राग होता. कारण साधं होतं. गेल्या जानेवारीत सिव्काला पाणी न्यायला म्हणून वेल्को बादली घेऊन निघाला, अंगणातल्या बर्फावर घसरला आणि तासभर तसाच पडून राहिला. मीच बघितला त्याला, ओठ निळे पडले होते. तेव्हापासून त्याची कंबर गेली. रुम्यानानं रांगेलशी बोलणं केलं. रांगेल म्हातारी घोडी विकत घेतो. त्याच्या ट्रकमध्ये चढलेलं जनावर पुढे कुठं जातं हे त्याला कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक आहे.

पोती उतरवून झाली त्या दिवशी हेच भांडण पुन्हा पेटलं. यासेननं नुसतं एवढंच विचारलं होतं की विजेवर तापणारी तार आणि ही माती असताना आता लिदीची काय गरज. वेल्कोनं काठी आपटली. रुम्याना पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली.

"गरज हाय की न्हाई ते आता बघूनच घ्या," ती म्हणाली. "बाबा, तुमचा वाफा तुम्ही करा. यासेन, तुझी खोकी तू कर. मे महिन्यात सेंट जॉर्जच्या सणाआधी रोपं बघायची. बाबाची सरस निघाली तर घोडी ऱ्हाईल, आनि तिचं पाणी, चारा, शेण काढणं समदं यासेन करंल. यासेनची सरस निघाली तर रांगेल ट्रक घेऊन येतो. मग माझ्याशी कुणी बोलायचं न्हाई. मला बाप पायजे, घोडी न्हाई."

वेल्कोचा चेहरा उतरला. पण माघार घेईल तो वेल्को कसला.

"आनि ठरवायचं कुणी?"

"स्टामेनामावशी ठरवंल."

दोघंही लगेच हो म्हणाले. मी आपल्याच बाजूची आहे अशी दोघांचीही खात्री होती, आणि दोघांचंही बरोबर होतं.

आणखी एक ठरलं. वेल्कोनं यासेनच्या प्लॅस्टिकच्या खोपटात पाऊल टाकायचं नाही आणि यासेननं तबेल्याच्या भिंतीकडे फिरकायचं नाही. हे खोपट घराच्या मागं, अगदी माझ्या कुंपणाला लागून होतं. म्हणजे दोन्हीकडचं बघायला मिळणार ते फक्त मला.

मार्चची पहिली तारीख आली. त्या दिवशी आमच्याकडे लाल-पांढरा दोरा बांधतात, माणसांना, जनावरांना, फळझाडाला. पहिला करकोचा दिसला की तो दोरा सोडून फुललेल्या झाडाच्या फांदीला बांधायचा, म्हणजे वर्ष सुखाचं जातं. वेल्कोनं माझ्या मनगटाला बांधला, तावदानाच्या चौकटीला बांधला आणि सिव्काच्या आयाळीत तीन पदरी जाड दोरा गुंफला. गुंफताना तिच्या कानात काहीतरी बोलत होता. काय बोललास म्हणून विचारलं तर म्हणाला, "तुझ्याबद्दल न्हाई बोललो, जा."

तोवर दोन्हीकडे मिरची उगवली होती. आणि दोन्हीकडचा गर्वही.

दहा मार्चला बर्फ पडलं. आमच्याकडचा मार्च महिना लहरी म्हातारीसारखा, सकाळी हसेल, दुपारी दात-ओठ खाईल. ह्या वेळी तिनं विजेचे खांबच पाडले. दोन दिवस गावात वीज नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी यासेन माझ्या कुंपणाशी आला, आणि कुंपणाला कसला तरी खिळा बघतोय असं दाखवत उभा राहिला.

"मावशी, मामा झोपलेत का?"

"एक ते तीन झोपतो की. तुला काय नवीन हाय का?"

"तार गार पडली आहे. खोक्यांमधली माती बर्फासारखी झाली. रोपं निळी पडायला लागलीत. उगवली तेवढीच आहेत, वाढायचं नाव नाही." तो थांबला. मग हळूच म्हणाला, "ते तुम्ही... म्हणजे गरम वाफ्यासाठी जे लागतं ना, ते..."

"काय लागतं?"

"तेच."

"नाव घे की. लाज कशाची?"

"लीद," यासेन म्हणाला आणि कान लाल झाले त्याचे.

मला इतका आनंद झाला की मी कोंबडीलाच जवळ घेतलं. पण तोंडावर काही दिसू दिलं नाही. म्हटलं, "आणून देईन. पर ताजी वापरू नगंस. ताज्या लिदीत इतकी आग आनि वास आसतो, की तुझी पोरंबाळं जाग्यावर शिजतील. ढिगाच्या पोटातली, आठ-दहा दिस धग घेऊन बसल्याली आणते. खाली ती दाबून भर, वर चार बोटं वाळू टाक, आनि मग तुझी खोकी ठेव. दुपारी खोपटाचं दार वाईच उघडं ठिवायचं, वाफ जाऊ दे. आनि मला चांगल्या कॉफीचा डबा आण. ती बरणीतली पूड नगं."

मग मी वेल्कोकडे गेले. सरळ तोंडावर मागितली. "आरं वेल्को, माझ्या लीक-कांद्याच्या वाफ्याला चार गाड्या लीद दे की."

"ने की," तो म्हणाला. घोडीच्या बाबतीत तो कंजूष नाही. "आता तरी कळली का किंमत? जावई बघ म्हनावं, गारठून बसलाय त्या उशीवर."

"व्हय की," मी म्हटलं.

एकचाकी गाडी तबेल्यातून निघाली, रस्त्यावरून माझ्या फाटकात आली, माझ्या घराला वळसा घालून कुंपणाच्या फटीशी गेली, आणि तिथून पलीकडच्या खोपटात. वीस पावलांच्या कामाला मी चार फेऱ्यांत सबंध गल्ली तुडवली. यासेननं नाकाला रुमाल बांधून खोक्यांखाली लीद भरली. संध्याकाळी वीज आली तरी ती तशीच राहिली. आठ दिवसांत रोपं तरारली. रुम्यानानं एकदा विचारलं म्हणे, खोपटात हा वास कसला. यासेन म्हणाला, मामांच्या वाफ्याकडून वारं येतंय.

आता वेल्कोचं ऐका. वीस तारखेच्या सुमारास तोही आला. त्याला माझ्याकडे यायचं म्हणजे काठी टेकत रस्त्यानं यावं लागतं. तो आला, खुर्चीत बसला, आधी हवेबद्दल बोलला, मग माझ्या दुखणाऱ्या गुडघ्याबद्दल विचारलं. वेल्को माझ्या गुडघ्याची चौकशी करतो म्हणजे काहीतरी भयंकर घडलेलं असतं.

"काय झालं ते बोल."

"रोपं पडत्यात," तो म्हणाला. "बुडाशी देठ काळा पडतोय आनि मान टाकतंय. सकाळी उभं आसतं, सांच्याला आडवं. निम्मा वाफा गेला."

"वरची माती कुठली घातलीस?"

"खताचीच. चाळून. पर तीन वर्सांचा जुना ढीग ह्या वक्ताला पुरला न्हाई बघ. मागल्या वर्षीचाच घातला. कच्चा हुता वाटतं, वल धरून बसला."

मी चुलीकडे तोंड फिरवलं. तीन वर्षांचा जुना ढीग का पुरला नाही हे मला ठाऊक होतं. मुरलेलं, भुरभुरीत, पावसाळी रानासारखा वास येणारं ते खत गेल्या शरदात वेल्को बहिणीच्या गावी गेला होता तेव्हा मी माझ्या लीकना आणि गुलाबांना नेलं होतं. सगळं नव्हतं नेलं. पण बरंच नेलं होतं. तेव्हा कुठं मला माहीत होतं की त्या ढिगावर एका घोडीचा जीव टांगलेला आहे? खरं सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा मला ह्या खेळाची भीती वाटली.

"उरलेली दोन पानांवरची रोपं हायेत," मी म्हणाले. "ती उचलून मोकळ्या, स्वच्छ मातीत लाव. खाली तुझी ऊब हायच."

"स्वच्छ माती कुठली आणू? समदं अंगण वलं हाय."

मी चुलीत लाकूड सरकवलं. तो बराच वेळ टोपी फिरवत बसला.

"स्टामेने," शेवटी तो म्हणाला, "त्या उशीची दोन पोती... म्हंजे तुझ्या कुंड्यांना म्हनून... तू मागितलीस तर तो न्हाई म्हनायचा न्हाई."

"तू उशी म्हणलास तिला."

"मग रोपं झोपूनच गेलीत की आता."

त्यानं येताना कोटाच्या खिशात राकियाची, म्हणजे आलुबुखारच्या घरगुती दारूची बाटली आणली होती. ती टेबलावर ठेवली आणि तो निघाला. दारात वळून म्हणाला, "सिव्काचा दोरा बी सापडंना. आयाळीतनं कुठं पडला देव जाणे. समदा तबेला धुंडाळला. करकोचा दिसायच्या आदी दोरा जायला नगं हुता." त्याचा आवाज असा होता की मी बाटलीचं बूच उघडू शकले नाही. त्या दिवशी तरी नाही.

यासेननं मला दोन पोती हसत दिली. "मावशी, कुंड्यांना ना? बघा, शेवटी तुम्हालाही पटलं." मी माझ्या फाटकातून पोती बाहेर काढली, रस्त्यानं नेली, तबेल्यामागून आत घातली. तेच वीस पावलांचं काम, ह्या वेळी उलट्या बाजूनं. माझा गुडघा तेव्हापासून जो सुजलाय तो सुजलाच.

वेल्कोनं रोपं एकेक करून त्या मातीत बसवली आणि वरून आपल्या काळ्या मातीचा बोटभर थर पसरला, कोणाला दिसू नये म्हणून. पाणी घातलं की पांढरे मणी मात्र वर येऊन बसायचे. मग रोज दुपारी हा चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस वाफ्याशी ओणवा होऊन, डाळीतले खडे निवडावेत तसे ते मणी निवडायचा आणि खिशात टाकायचा. रुम्यानाला वाटलं, बाबा रोपांची किती काळजी घेतात.

एप्रिल आला. करकोचे येऊन विजेच्या खांबावर घरटं करून बसले. सगळ्यांनी आपापले दोरे वेल्कोच्या अंगणातल्या आलुबुखारच्या झाडाला बांधले. वेल्कोनं आपला बांधला, पण घोडीचा नव्हता. तो झाडाखाली थोडा वेळ उभा राहिला आणि आत गेला.

सेंट जॉर्जच्या सणाच्या आदल्या सकाळी रांगेलचा ट्रक आला. त्यानं फळी खाली सोडली, मळका हातमोजा चढवला आणि ट्रकला टेकून सिगारेट पेटवली. "मला घाई न्हाई," तो म्हणाला. ते ऐकून वेल्को तबेल्याच्या दारात जाऊन उभा राहिला आणि तिथून हलेना.

रुम्यानानं तावदानं काढली, खोपटाचं प्लॅस्टिक गुंडाळलं. मी आधी वेल्कोचा वाफा बघितला. रोपं वीतभर उंच, पेन्सिलीएवढा देठ, पानं गडद हिरवी आणि जाड. मग यासेनची खोकी बघितली. वीतभर उंच, पेन्सिलीएवढा देठ, पानं गडद हिरवी आणि जाड. मी पुन्हा इकडून तिकडे गेले. चाळीस वर्षांत मी इतकी चांगली रोपं बाजारात नेली नव्हती, आणि आता ती दोन्ही बाजूंना माझ्याकडे बघत उभी होती.

 यासेनची म्हणावं तर घोडी जाते, आणि त्याला लीद वाहून दिली ती मी. वेल्कोची म्हणावं तर यासेनवर अन्याय, आणि वेल्कोला माती वाहून दिली तीही मीच.

"बोल की मावशी," रुम्याना म्हणाली.

"मुळं बघितल्याशिवाय मी बोलत न्हाई," मी म्हणाले. "पान काय, खोटं बी बोलतं. दोन्हीकडचं एकेक रोप उपटा."

"कशाला उपटायचं?" यासेन घाईघाईनं म्हणाला. "चांगलं रोप वाया जाईल."

"व्हय, कशाला?" वेल्को तबेल्याच्या दारातून ओरडला. "दिसतंय की समदं वरनं."

तीन महिन्यांत ह्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदा बघत होते. रुम्यानाच्याही ते लक्षात आलं. तिनं एकदा बापाकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. मग ती वाफ्यात वाकली आणि वेल्कोचं एक रोप बुडापासून हळूच उचललं. वरचा काळा थर गळून पडला. खाली तपकिरी गोळा, त्यातून पांढऱ्या मुळांची दाट जाळी, आणि जाळीत अडकलेले पांढरे मणी. वीस तरी असतील.

"बाबा, ह्या गारा कधी पडल्या?"

वेल्कोनं टोपी डोळ्यांवर ओढली. यासेननं तोंड उघडलं. पण त्याला फार बोलायला मिळालं नाही, कारण रुम्याना खोपटाकडे निघाली होती. तिनं खोक्यातलं रोप धरून ओढलं. ते येईना. खोक्याच्या तळाच्या फटींमधून मुळं खाली उतरली होती. तिनं अख्खं खोकंच उचललं. खालून मुळांची झालर लोंबत होती, तिच्यात काड, लिदीचे गोळे, आणि मध्येच एक जाड, मळलेला, तीन पदरी लाल-पांढरा दोरा.

सगळे त्या दोऱ्याकडे बघत राहिले. रांगेलची सिगारेटही तशीच जळत राहिली.

वेल्को काठी न घेताच चालत आला. त्यानं मुळांमधून तो दोरा एकही तंतू न तोडता सोडवला, विजारीवर पुसला आणि बराच वेळ तळहातावर धरून बघितला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं लपवलं नाही.

"हिचाच हाय," तो म्हणाला. "मी म्हनलं गेला."

"वीज गेली होती, मामा," यासेन खाली बघत म्हणाला. "दोन दिवस. सगळं मेलं असतं."

"मग मला सांगायचं न्हाईस? घोडी काय फक्त माझ्यासाठी हगती?" वेल्को म्हणाला. मग घसा खाकरून, "तुझी ती उशी... वाईट न्हाई. माझी मान टाकल्याली रोपं तिच्यात उठून बसली. मुळं लई धरती ती."

"तुम्ही वर काळी माती पसरलीत ते चांगलं केलंत," यासेन म्हणाला. "माझी वरून फार लवकर सुकते."

"आगं बाई," रुम्याना म्हणाली, "मग हरलं कोण?"

दोघांना असं बोलताना बघून माझा धीर परत आला. मी डोक्याचा रुमाल सावरला आणि पंचासारखी उभी राहिले. "वरची माती कुणाची का आसंना, दोन्हीकडं खाली ऊब कुणाची हाय ते बघा. ह्या वाफ्यात बी तीच, त्या खोक्यांखाली बी तीच. रोपं सिव्काची सरस हायेत. तीच जिंकली."

रुम्याना हसली नाही. ती बापाकडे बघत होती. "आनि जानेवारीत पुन्यांदा बर्फावर पडलात म्हंजे?"

"पडणार नाहीत," यासेन म्हणाला. "तबेल्यापर्यंत नळ ओढतो मी. ह्याच आठवड्यात. आणि पाणी मीच देईन. हरलो ना मी, ठरल्याप्रमाणे." त्यानं हे इतकं शांतपणे म्हटलं की त्या क्षणी मला तो फार आवडला.

रुम्यानानं तोंडावरून हात फिरवला आणि रांगेलकडे वळली. "रांगेलदादा, फळी वर घ्या. घोडी न्हाई द्यायची."

रांगेलनं सिगारेट विझवली. पण तो हलला नाही. तो खोक्याखालच्या त्या मुळांकडे बघत होता. "माझ्या बायकोची टोमॅटोची रोपं निस्ती पिवळी हुत्यात," तो म्हणाला. "दरसाल. म्हनती, काहीतर आण. आता इतक्या लांब रिकामा ट्रक आणलाय तर..."

"पोती हायेत का?" वेल्कोनं विचारलं.

"न्हाईत."

"माझ्याकडे आहेत," यासेन म्हणाला, "रिकामी. छान जाड प्लॅस्टिकची."

अशा रीतीनं सिव्काला न्यायला आलेल्या ट्रकमधून सिव्काची लीद गेली, सहा पोती, शहरातून माती आणलेल्या त्याच पोत्यांमधून. वेल्को फळीशी उभं राहून रांगेलला बजावत होता, "मुरू दे आदी. लगेच घालशील तर जाळशील. आनि पुढल्या वर्षी येशील तवा निस्ती पोती आण. दोरी नगं आणूस." दोरा परत आयाळीत गुंफलेली सिव्का कुंपणावरून मान काढून बघत होती, आणि मला वाटतं तिला सगळं कळलं होतं.

मी हळूच घराकडे निघाले होते. फाटकापर्यंत पोचलेही होते.

"स्टामेनामावशी," रुम्यानाचा आवाज आला. "बाबा तर त्या खोपटात कधी गेले न्हाईत. यासेन भिंतीकडं गेला न्हाई. मग ही माती हिकडं आनि लीद तिकडं कुणी नेली?"

दोघंही एकदम माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्याही डोक्यात हा हिशेब आत्ताच जुळत होता. वेल्कोच्या चेहऱ्यावर लीकचा वाफा उमटला, यासेनच्या चेहऱ्यावर माझ्या कुंड्या.

"एक डबा कॉफी," यासेन म्हणाला.

"एक बाटली राकिया," वेल्को म्हणाला.

रुम्यानानं शिक्षा तिथल्या तिथं सुनावली. लपूनछपून इतकी गाडी ढकलायची हौस असेल तर आता उजेडात ढकलायची. सबंध वर्ष दर शनिवारी तबेल्यातली लीद ढिगावर टाकायची ती मी. यासेन फावड्यानं भरून देईल, वेल्को खुर्चीत बसून देखरेख करेल.

तेव्हापासून मी ढकलते आहे. गुडघा सुजलेलाच आहे. वेल्को खुर्चीत बसून म्हणतो, "हळू स्टामेने, सांडू नगंस, सोनं हाय ते," आणि यासेन मला हातमोजे देतो. एका शनिवारी वेल्को ढिगाकडे बघत म्हणाला, "ह्याला तीन वर्सं मुरू द्यायचं. मागला जुना ढीग कसा काय संपला, ते मला आजवर उमगलं न्हाई." मी गाडी रिकामी केली आणि पुढची खेप आणायला गेले. ह्या वर्षी माझे लीक मनगटाएवढे झालेत, म्हणून मी वेल्कोला बागेच्या त्या बाजूला अजून फिरकू दिलेलं नाही.